बापानं काढलं, लेकानं बसवलं

घोडेगावात पैसे घालवायला माणसाला फार लांब जावं लागत नाही. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. कांद्याच्या उपबाजारात बरा भाव लागला, पट्टी हातात पडली, की शहाणा माणूस दावणीपुढून दोन चकरा मारतो, कास चाचपतो, दात बघतो आणि संध्याकाळी टेम्पोतून म्हैस घरी आणतो. म्हैस दुसऱ्या दिवशी सकाळी दूध देते. आमच्या दाजींनी कांद्याच्या पट्टीतून जीप आणली. तीही टेम्पोतूनच, कारण ती चालत नव्हती.

"चालू गाडी काय, कुणीबी घेतंय," हे दाजींचं त्यावरचं म्हणणं.

गाडी उतरवताना निम्मं गाव जमलं. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही ते बघायला आले होते आणि ज्यांना अजिबातच कळत नाही ते सल्ला द्यायला. बाजारात उभा जन्म काढलेल्या एका आजोबांनी जीपला पुढून एक फेरी घातली, मागून एक घातली, वाकून पोटाखाली बघितलं आणि दाजींना विचारलं,

"किती येताची?"

"तिसऱ्या मालकाची," दाजी म्हणाले.

"मग भाकड हाय," आजोबा म्हणाले आणि काठी उचलून चालू लागले.

दाजींना याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी आपली परीक्षा आधीच करून ठेवली होती. जुन्या जीपच्या नादी लागलेल्या मंडळींची ही परीक्षा ठरलेली असते. पत्रा सडका असला तरी हरकत नाही, पत्रा नवा मारता येतो. इंजिन जाम असलं तरी चालतं, उलट किंमत पाडायला बरं. पण चासीचा लोखंडी सांगाडा सरळ हवा, त्यावर ठोकलेला नंबर पॉलिश पेपरनं घासून वाचता यायला हवा आणि तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळायला हवा. एवढं जुळलं की बाकी गाडी नसली तरी चालते. दाजींच्या जीपमध्ये बाकी गाडी खरोखरच बरीचशी नव्हती.

होते ते दोन दांडे. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे, ज्यांच्यासाठी या जीपवर एवढा जीव टाकायचा. एका दांड्यानं इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही जाते, म्हणजे चारही चाकं गाडी ओढतात. दुसऱ्यानं वेग कमी होऊन जोर वाढतो. यालाच फोर बाय फोर म्हणतात. दाजींनी सगळ्यांसमोर पहिला दांडा ओढून दाखवला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. गाडीखाली उताणा झोपलेला मिस्त्री म्हणाला,

"शेठ, खाली शाफ्टच नाही. दांडा नुसता शोभेला."

इथून पुढची सगळी हकिकत म्हणजे त्या नसलेल्या शाफ्टची हकिकत आहे. तो का नव्हता, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

जीप हे वाहन घाईत जन्माला आलं. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैन्यानं १३५ कंपन्यांना कळवलं की आम्हाला हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणीची गाडी हवी आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हवा. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला गाठलं आणि सप्टेंबरमध्ये ठरल्या दिवशी गाडी नेऊन उभी केली. (दाजींच्या जीपच्या नुसत्या ब्रेकला दोन दिवाळ्या लागल्या. पण दाजी म्हणतात की त्या लोकांना युद्ध होतं, आपल्याला कसली घाई?) मोठी ऑर्डर बँटमला मिळाली नाहीच. विलीज आणि फोर्ड या दोघांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या आणि त्या जगभर सांडल्या. आपल्याकडे महिंद्रांनी १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीजच्या जीपांची जोडणी सुरू केली आणि मग ही गाडी खेड्यापाड्यांत शिरली.

आमच्या नेवासे तालुक्यात ती पहिल्यांदा सरकार होऊन आली. प्रांत जीपमधून यायचे, बीडीओ जीपमधून, फौजदार जीपमधून. लांबून धूळ उठली की माणसं धोतर सावरून उभी राहायची. निवडणूक आली की जीपला झेंडा आणि कर्णा लागायचा. मग सरकारी जीपा म्हाताऱ्या झाल्या, लिलावात निघाल्या आणि बागायतदारांनी घेतल्या. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, सोनई आणि भेंड्याचे साखर कारखाने आले, हाती पैसा आला. पण पैसा आला तरी बागायतदार हा बागायतदारच. त्यानं जीप घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न विचारला, "ही पेट्रोल किती खाती?"

मग सुरू झाली काढाकाढी. पेट्रोलचं इंजिन काढलं आणि डिझेलचं बसवलं. कंपनीनंही पुढे हेच केलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं आणि आमच्या भागाला ते फार मानवलं, कारण ट्रॅक्टरचा मिस्त्री गावोगाव होता. जीप घाटात बंद पडली तर नांगरट सोडून माणूस यायचा आणि दुरुस्त करून परत नांगरटीला जायचा. आवाजही ट्रॅक्टरचाच होता. पाहुणे आले की औत आलं, हे घरात बसून कळत नसे.

इंजिन झाल्यावर नजर गेली पुढच्या शाफ्टकडे. इंजिनाकडून पुढच्या चाकांना ताकद नेणारा हा लोखंडी दांडा. तो डांबरी रस्त्यावर लागत नाही, उगाच फिरतो, त्याचे क्रॉस झिजतात, त्याला ग्रीस भरावं लागतं. नगरला जायचं तर इमामपूरचा घाट, आणि त्याला डांबर आहे. शिंगणापूरला जायचं, त्यालाही डांबर. मग हा कशाला? बोल्ट सोडले, शाफ्ट खाली, भंगारात. त्यानं डिझेल किती वाचलं हे कोणी मोजलं नाही, पण शाफ्ट काढल्याचं समाधान इतकं होतं की बचत झाली असं सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं. पुढे याच जीपा घोडेगाव ते शिंगणापूर अशा भाविकांना नेऊ लागल्या. आत किती, बॉनेटवर किती आणि मागे लटकलेले किती हे विचारायची पद्धत नव्हती. त्या काळात जीपला पुढचा शाफ्ट असणं म्हणजे दोन सीटांचं वजन फुकट वाहणं.

दाजींच्या जीपचा पुढचा शाफ्ट असा कोणीतरी, कधीतरी, बचतीच्या भरात काढलेला. आणि आता तो पुन्हा हवा होता.

नगर जिल्ह्यात असल्या वस्तूचा माग काढायचा तर माणसाचे पाय आपोआप नगरकडे वळतात. त्याला कारण आहे. नगर हे चाकांच्या आणि साखळ्यांच्या लष्कराचं गाव. तिथं आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शिंगणापूर-शिर्डी करणारे भाविक वाटेत ते बघतात. बायका-मुलं रणगाड्यापुढं उभी राहून फोटो काढतात. दाजी रणगाड्याच्या मागे जाऊन, वाकून त्याच्या पोटात काय दिसतंय ते बघतात. ताई, म्हणजे दाजींची बायको, म्हणते, "हे रणगाडे तरी चालत नाहीत म्हणून इथं ठेवलेत. आमच्या दारातला कोणत्या संग्रहालयात द्यायचा?"

दाजींच्या वर्तुळातला राहुरीकडचा एक गृहस्थ जोंगा बाळगून आहे. जोंगा म्हणजे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात निघालेली गाडी, मुळात निसानची पॅट्रोल नावाची. नाव अगदी बरोबर ठेवलं होतं त्यांनी. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं इंजिन. लष्करात होती तोवर पेट्रोल सरकार भरायचं. सेवानिवृत्त होऊन राहुरीला आल्यावर ते या गृहस्थांना भरावं लागतं. म्हणून ते डिझेलचं इंजिन बसवायच्या विचारात आहेत. नेमके त्याच वेळी दाजी जीपचं डिझेल इंजिन काढून मूळचं पेट्रोलचं बसवायच्या विचारात आहेत. दोघं महिन्यातून एकदा भेटतात आणि एकमेकांना उलट सल्ला देतात. मारुतीची जिप्सीवाली पोरं वेगळी. ती १९८५ ला आलेली, सामान्य गिऱ्हाइकाला २०१९ पर्यंत मिळायची, त्यामुळे तिचं सामान अजून सापडतं. ज्याचं सामान दुकानात मिळतं त्याला जीपवाले छंदात धरत नाहीत.

शाफ्ट अखेर भंगारात सापडला. तो बसवायचं काम घेतलं ज्या मिस्त्रींनी, ते हायवेला ट्रक आणि ट्रॅक्टरची कामं करतात. साठीच्या पुढचे, डोक्याला रुमाल, कानात विडी. शाफ्ट हातात घेऊन त्यांनी तो जुना ओळखीचा भेटल्यासारखा फिरवून बघितला.

"शेठ, या हातांनी मी किती काढले असतील याचे," ते म्हणाले. "तुमच्या वडलांच्या गाडीचा मीच काढला होता. काढायची मजुरी तेव्हा वीस रुपये घेतली."

"आणि बसवायची?"

मिस्त्रींनी आकडा सांगितला. दाजी खाली बसले.

"अहो, एवढी कशी? तेच बोल्ट, तेच पाने, तुम्हीपण तेच!"

"काढायला अक्कल लागत नाही शेठ," मिस्त्री म्हणाले.

मला या धंद्यातलं हे सगळ्यात आवडतं. एका माणसानं आयुष्याचा पूर्वार्ध वस्तू काढायचे पैसे घेण्यात घालवला आणि उत्तरार्ध त्याच वस्तू परत बसवायचे पैसे घेण्यात. बापानं जे जे काढून फेकलं ते ते लेकानं दसपट दरानं परत आणायचं, हा या छंदाचा मूळ नियम आहे. बापानं कापडाचं हूड फाडून पत्र्याचं बसवलं, लेक कापडाचं शिवून घेतो. बापानं मागं समोरासमोर बाकडी टाकली, लेक ती उपटतो. बापानं काच पुढं पाडायच्या खिट्या वेल्डिंग करून कायमच्या बंद केल्या, कारण काच खडखडायची; लेक ते वेल्डिंग ग्राइंडरनं कापतो, कारण काच खडखडलीच पाहिजे. मूळची गाडी तशीच आहे! आणि हे सगळं करताना लेक मधूनमधून बापाच्या नावानं हळहळतो. दाजींचे वडील, ताईचे मामंजी, ओट्यावर बसून हे सगळं बघत असतात. एकदाच ते बोलले. "त्या काळी मला कुणी सांगितलं असतं की ह्याला पुढं अशी किंमत येणार, तर मी ऊस लावलाच नसता. शाफ्टच पेरले असते."

दुरुस्तीची एक गंमत मात्र खरी. जुन्या विलीज जीपचे हेडलाइट बिजागिरीवर असायचे. एक चाप ढिला केला की दिवा मागं वळवून सरळ इंजिनावर उजेड पाडता यायचा. ज्यांनी ही गाडी काढली त्यांना ती रात्री-अपरात्री रस्त्यात उघडावी लागणार हे १९४१ मध्येच ठाऊक होतं. रस्ता दाखवायला दिवा आणि बिघाड दाखवायलाही तोच. एवढा प्रामाणिकपणा पुढच्या कोणत्या गाडीत मला दिसला नाही. आणखी एक म्हणजे पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. विडी ओढत जीप चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांच्या धैर्याविषयी मला नव्यानं आदर वाटू लागला आहे.

शाफ्ट बसला. क्लच प्लेट नवी, ब्रेकचे लायनर नवे, मागचे पाटे सोनईत नाही मिळाले म्हणून नगरहून. टायर सहाशे सोळाचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लागतो तोच आकडा, फक्त नक्षी वेगळी. एकदाचं डिझेल भरलं, हवा काढली, सेल्फ मारला आणि जीपनं सगळ्या आळीला पुरेल इतका धूर काढून आवाज केला. मामंजी ओट्यावरून उठून आत गेले. त्यांना पाहुणे आल्यासारखं वाटलं असावं.

पहिली चक्कर दाजींनी गावातून मारली आणि चौकात फोर बाय फोर टाकून दाखवली. हा मोह कोणाला आवरत नाही, पण डांबरावर तो आवरायचा असतो. वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची छोटा. जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्याची ही भांडणं मिटवायला मधे कोणी नसतो. दोघं एकाच शाफ्टाला जखडलेले. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून सुटतं, डांबरावर सुटत नाही. सगळा पीळ गिअरमध्ये चढतो. जीप चौकात वळता वळता कण्हली, आचके देत अडखळली आणि भजीवाल्याच्या पातेल्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. भजीवाला म्हणाला, "दाजी, चार चाकं एका वेळी नका लावत जाऊ. आमची दोनच बरी चालतात."

खरी परीक्षा चिखलात. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर अशी होते की चप्पल घातलेला माणूस चार पावलांत वीतभर उंच होतो. दाजींनी मुद्दाम मृगाची वाट बघितली. कांद्याचं रान पडीक होतं. मी, मिस्त्री, जोंगावाले, आळीतली पोरं असा सगळा लवाजमा बांधावर. दाजींनी दांडा टाकला, दुसरा दांडा टाकला, जीप डौलात रानात शिरली आणि रानाच्या मध्यावर जाऊन बसली. अक्षरशः बसली. पुढचं एक चाक फिरत होतं, मागचं एक फिरत होतं, बाकीची दोन निवांत.

"अहो, फोर बाय फोर ना ही?" एका पोरानं विचारलं.

त्याचं उत्तर मिस्त्रींकडे होतं. दोन्ही आक्सांमध्ये जो डिफरेन्शिअल असतो त्याचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच तो सगळी ताकद देतो आणि पकड असलेल्याला तसंच ठेवतो. म्हणजे चार चाकांची गाडी अगदी अडलेल्या वेळी दोनच चाकांची होते. हा दोष घालवायला लॉकर बसवतात. तो वेगळा खर्च. मिस्त्री इतक्या शांतपणे हे सांगत होते की खर्च करायची वेळ जवळ आली हे मी ओळखलं.

मग शेजारचा ट्रॅक्टर आला. तो दोनच चाकांनी ओढणारा. त्याच्या मालकाला दाजींनी बोलावलं नव्हतं; तो सकाळपासून दोर घेऊन बांधाआड उभा होता. त्यानं जीप ओढून काढली, मजुरी मागितली नाही, फक्त दर पावसाळ्यात एकदा कळवायला सांगितलं.

या घटनेनं दाजी खचले असं तुम्हाला वाटत असेल तर या छंदाचा तुम्हाला गंधही नाही. ते रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर दुसऱ्यांच्या अडकलेल्या गाड्या बघत बसले होते. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या आणि मुळशीच्या डोंगरात जातात, जाणूनबुजून चिखलात गाडी घालतात आणि अडकतात. गोव्यात तर २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धाच भरू लागली. तिथं परदेशी माणसं येऊन अडकतात. विंच लावून, दोर लावून, फावड्यानं खणून गाड्या काढतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. प्रवेश फी भरून! आमच्या शेतकऱ्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. ऊस वाहणारी ट्रॉली रुतली म्हणून ज्यांनी रात्र रात्र काढली, त्यांना कोणी पदक दिलं नाही. एकानं तर गंभीरपणे विचारलं की आपलं रान त्यांना भाड्यानं देता येईल का. कांद्यापेक्षा बरं पडेल असा त्याचा हिशोब होता. तो हिशोब मी तपासला आणि मला त्यात चूक सापडली नाही.

चिखल झाला की कायदा. जीप रस्त्यावर आणायची तर नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटून गेलेली असतात. मग तपासणी, दर पाच वर्षांनी नव्यानं नोंदणी, पर्यावरण कर. इंजिन बदललं तर ते आरसीवर चढवून घ्यायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलात मनानं बदल करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत तेच पुन्हा बजावलं. म्हणजे गाडीला चाकापासून छतापर्यंत आपल्या मनासारखं करणं हा ज्या छंदाचा प्राण, तोच कायद्यानं अर्धा मेलेला. पुढं लोखंडी बुल बार लावायचा तर त्यावरही २०१७ मध्ये केंद्रानं बंदी कळवलेली. पण दाजींची खरी अडचण रंगाची. जीप म्हटली की लष्करी हिरवा. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम म्हणतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कोणी लावायचा नाही. दाजी पेंटरकडे गेले. पेंटरला हा नियम पाठ होता, कारण त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याला तोच रंग हवा असतो.

"मग असं करू," पेंटर म्हणाला, "हिरव्यात थोडा पिवळा टाकतो. लष्कराचा राहत नाही."

"आणि लांबून?"

"लांबून राहतो."

त्यातून जो रंग झाला आहे त्याला नाव नाही. दाजी त्याला मेथी म्हणतात. एका माजी सैनिकानं वडाळा बहिरोबाच्या स्टॉपवर जीपला पाहून सलाम ठोकला, जवळ आल्यावर हात खाली घेतला.

आमच्या गावात या छंदाला एक अडचण मात्र अशी आहे जी पुण्यात नाही. फाट्यापासून शिंगणापूर जवळ, आणि शनिदेवाचा कारभार लोखंड आणि तेल यांवर. जुनी माणसं शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, तेल घेत नाहीत. जीप या दोनच वस्तूंची बनलेली आहे. शनिवारी नट हवा झाला तर दाजींनी पैसे रविवारी द्यायचे, असा मिस्त्रींशी करार आहे. मग तो शनिवारी घेतलेला धरत नाहीत. तेल मात्र जीप शनिवारीही गाळते. इंजिनाखाली, गिअरबॉक्सखाली, दोन्ही आक्सांखाली अशी चार ठिकाणी ती थेंब थेंब अभिषेक करत असते. मामंजींनी एकदा शेडमधली फरशी बघून विचारलं होतं की हिला शिंगणापूरलाच नेऊन का उभी करत नाही.

दुसऱ्या बाबतीत मात्र शिंगणापूरचा शेजार जीपला फार शोभतो. तिथं घरांना दारं-कुलपं नसतात. २०११ मध्ये युको बँकेनंही तिथं बिनकुलपाची शाखा उघडली होती. जीपलाही दारं नाहीत. किल्लीचं म्हणाल तर दाजींच्या जीपच्या स्विचला कपाटाची किल्ली चालते, मोटारसायकलची चालते, ताईची हेअरपिनही चालली. तरी चोरीची भीती नाही. चोराला आधी डिझेलच्या पंपाला हातानं दट्टे मारून हवा काढावी लागेल, मग क्लच अर्धा दाबून तिसऱ्या गिअरला धक्का द्यावा लागेल, आणि धक्क्याला चार माणसं लागतील. चोर एकटे येतात.

ताईचं या सगळ्याकडे बघणं काय आहे, हे सांगायला हवं. घरात दूध विकत येतं, यापलीकडे तिनं बरेच दिवस काही म्हटलं नव्हतं. एकदा एक फोटोवाला पोरगा आला. लग्न ठरलेल्या मुला-मुलीचे लग्नाआधी फोटो काढायची हल्ली पद्धत आहे. त्यासाठी त्याला जीप हवी होती. उसाच्या कडेला उभी करायची, नवरा चालकाच्या जागी, नवरी बॉनेटवर. भाडं बरं देत होता.

"पण ती सध्या चालत नाही," दाजी पडक्या आवाजात म्हणाले. पंप नगरला गेला होता.

"चालायची कशाला?" पोरगा म्हणाला. "हलली की फोटो हलतो."

जीपनं कमावलेले ते पहिले पैसे ताईनं स्वतःच्या हातात घेतले. तेव्हापासून तिचा विरोध बोथट झाला आहे. तिचं म्हणणं एवढंच की गाडी आता दुरुस्त करू नये. पुढच्या तीन जोड्या ठरल्यात, आणि उगाच चालू झाली तर हे कुठंतरी घेऊन जातील.

खंडेनवमीला दाजी सगळे पाने ओळीनं मांडून पूजा करतात. सहा-सातपासून बत्तीसपर्यंत, मग रिंग पाने, टॉमी, जॅक, ग्रीस गन. यंदा मिस्त्रींनाही बोलावलं होतं. पूजा झाली, जीपच्या नाकाला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. पेढा तोंडात टाकत दाजींनी हळूच विषय काढला. पांढरीपुलाच्या बाजूला एका वस्तीवर आणखी एक जीप पडून आहे. तिचा गिअरबॉक्स चांगला आहे. ती घेऊन ठेवावी, म्हणजे या जीपच्या सामानाची काळजी मिटेल. ताई आत होती म्हणून आवाज बारीक.

मिस्त्री जाऊन बघून आले. आल्यावर त्यांनी हात धुतले, चहा घेतला, विडी शिलगावली.

"गाडी घेण्यासारखी आहे शेठ," ते म्हणाले. "पण एक सांगू का? ती हिच्यापेक्षा चांगली आहे. चासी सरळ आहे, पत्रा शाबूत आहे, इंजिन फिरतंय. मला विचाराल तर ती गाडी करा आणि ही सामानाला ठेवा."

दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मेथी रंग, नगरचे पाटे, दोन दिवाळ्यांचे ब्रेक त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

"त्या गाडीला पुढचा शाफ्ट आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तो मीच काढला होता."

"मग बसवायची मजुरी?"

"या वेळी काढायची पण पडेल शेठ. हिच्यातला काढून तिच्यात घालायचाय."